अल्फ्रेस्कोमध्ये पीडीएफ टूलकिट टाकायचं का? सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसात अल्फ्रेस्को कम्युनिटी हे कागदपत्रं सांभाळायचं सॉफ्टवेअर चालू आहे, स्कॅनरवरून जाडजूड पीडीएफ येऊन पडतात, लोक त्या डाउनलोड करतात, कुठल्यातरी फुकट वेबसाइटवर नेऊन कापतात-जोडतात आणि परत अपलोड करतात. हे थांबवायला पीडीएफ टूलकिट हे ओपन सोर्स ॲड-ऑन टाकावं का, टाकलं तर काय सांभाळायचं, आणि त्यातल्या सही आणि पासवर्डच्या सोयीवर किती विसंबायचं.

माझं उत्तर, टाका. आणि सोय होते हे त्यातलं दुय्यम कारण आहे. मुख्य कारण असं की डॉक्युमेंट रेपॉझिटरीच्या, म्हणजे अल्फ्रेस्कोच्या साठ्याच्या, बाहेर गेलं की त्याचा माग तुटतो. कोणी डाउनलोड केलं, कोणत्या साइटवर चढवलं, तिथे ती फाइल किती दिवस राहिली, परत आलेली फाइल मूळ फाइलचाच भाग आहे का, यातलं काहीच तुम्हाला नंतर सांगता येत नाही. करार, पगाराची कागदपत्रं, मेडिकल रिपोर्ट अशा गोष्टी जर लोक अनोळखी सर्व्हरवर नेऊन कापत असतील तर तुम्ही डॉक्युमेंट मॅनेजमेंट चालवताय असं म्हणताच येणार नाही.

पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं त्यावरच आहे. पीडीएफ कापणं हे काम सोपं आहे, दहा लायब्ररी ते करतात. अवघड आहे ते कापल्यानंतरचं: त्या तुकड्याला मेटाडेटा कुठला, परवानग्या कुणाच्या, जुनं व्हर्जन राहिलं का, सर्चमध्ये येतं का. ॲड-ऑन पहिलं काम चोख करतं, दुसरं तुम्हाला करावं लागतं, आणि बहुतेक इन्स्टॉलेशन तिथेच फसतात.

आता ते आहे काय ते बघू. हे टूलकिट दोन भागांत येतं, एक एएमपी, म्हणजे अल्फ्रेस्कोत चढवायचं मॉड्यूलचं पॅकेज, रेपॉझिटरीसाठी आणि दुसरी शेअरसाठी, म्हणजे लोक वापरतात त्या वेब स्क्रीनसाठी. रेपॉझिटरीवाल्या भागात खरं काम करणाऱ्या ॲक्शन्स असतात: पानांच्या संख्येनुसार किंवा ठराविक पानावर तुकडे करणं, एक पीडीएफ दुसरीच्या शेवटी जोडणं, मधे घुसवणं, पानं काढणं, फिरवणं, वॉटरमार्क, एन्क्रिप्शन, डिजिटल सही. शेअरवाल्या भागात फक्त मेनू आणि फॉर्म. या ॲक्शन्स अल्फ्रेस्कोच्या नेहमीच्या ॲक्शन पद्धतीने लिहिलेल्या असल्यामुळे त्या मेनूमधूनही चालतात, फोल्डरच्या रूलमधूनही (फाइल आली किंवा बदलली की आपोआप चालणारी सूचना) चालतात आणि स्क्रिप्टमधूनही. माझ्या मते याची निम्मी किंमत या रूलवाल्या सोयीतच आहे, कारण माणसाने रोज क्लिक करून करायचं काम फोल्डर आपोआप करतो. आतून कापणं-जोडणं अपाचे पीडीएफबॉक्स करतं आणि वॉटरमार्क, एन्क्रिप्शन, सही ही कामं आयटेक्स्ट करतं. या दोन लायब्ररींची नावं लक्षात ठेवा, अडचणी आल्या की त्यांच्यापाशीच येऊन थांबाल.

इन्स्टॉल करण्याआधी तुमची आवृत्ती बघा. मूळ प्रोजेक्ट अल्फ्रेस्कोच्या ४ आणि ५ च्या काळात घडला, नंतरच्या आवृत्त्यांसाठी त्याचे फोर्क, म्हणजे इतरांनी पुढे चालवलेल्या प्रती, निघाले. तुमच्याकडे अल्फ्रेस्को २३ मालिकेतली आवृत्ती असेल तर तिथे जावा १७, टॉमकॅट १० (ज्यावर अल्फ्रेस्को चालतं तो वेब सर्व्हर) आणि जकार्ता नेमस्पेस (जावाच्या पॅकेजांची नवी नावं) आलाय, त्यामुळे जुन्या काळात कंपाइल केलेली एएमपी तशीच उचलून टाकली तर सर्व्हर उठेल याची खात्री नाही. फोर्क निवडताना त्याच्या मेव्हन फाइलमध्ये (प्रोजेक्ट कसा बांधायचा ते लिहिलेली फाइल) जा आणि अल्फ्रेस्कोची कोणती आवृत्ती धरून बांधलंय ते बघा. वर्णनात काय लिहिलंय त्यापेक्षा ती ओळ खरी.

टाकायची पद्धत नेहमीचीच. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये रेपॉझिटरीची एएमपी एका फोल्डरमध्ये, शेअरची दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि मॉड्यूल मॅनेजमेंट टूलने ती वॉर फाइलमध्ये, म्हणजे टॉमकॅट जे पॅकेज चालवतो त्यात, लावायची. डॉकर (सॉफ्टवेअर बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची पद्धत) असेल तर चालू कंटेनरमध्ये घुसून काही करू नका, पुढच्या वेळी कंटेनर नवीन उठला की सगळं गायब होईल. स्वतःची डॉकरफाइल लिहा, अधिकृत इमेजवरून (कंटेनरच्या साच्यावरून) सुरुवात करा, एएमपी आत कॉपी करा, तिथेच मॅनेजमेंट टूल चालवा आणि त्या इमेजला नीट आवृत्ती क्रमांक द्या. शेअर आणि रेपॉझिटरी दोन्ही इमेज वेगळ्या बनवाव्या लागतात, फक्त एकच केली तर एकतर मेनू दिसतो आणि काम होत नाही किंवा काम होऊ शकतं पण मेनूच नाही. आणि तुमचे लोक शेअरऐवजी नवीन कंटेंट ॲप वापरत असतील तर हे मेनू तिथे दिसणारच नाहीत, तो वेगळा फ्रंटएंड आहे. रूलमधून मात्र सगळं चालेल.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे पीडीएफबॉक्सच्या दोन आवृत्त्या एकाच ठिकाणी येणं. अल्फ्रेस्को, निदान जुन्या आवृत्त्यांत, स्वतःच्या कामासाठी, म्हणजे पीडीएफमधून मजकूर काढायला वगैरे, पीडीएफबॉक्स बरोबर घेऊन येतं. ॲड-ऑनने आपली वेगळी आवृत्ती आणली की एकाच लिब फोल्डरमध्ये दोन जार (जावा लायब्ररीच्या फाइल) बसतात आणि जावा त्यातली कुठली आधी उचलेल यावर भरवसा ठेवता येत नाही. पीडीएफबॉक्स २.० मार्च २०१६ मध्ये आलं तेव्हा कापणारे आणि जोडणारे क्लास दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवले गेले, आणि ३.० आलं २०२३ मध्ये तेव्हा फाइल उघडायची पद्धतच बदलली. म्हणजे १.८ धरून लिहिलेला कोड २.० सोबत चालत नाही, २.० वाला ३.० सोबत चालत नाही. लक्षण असं दिसतं की सर्व्हर व्यवस्थित सुरू होतो, मेनू दिसतो, क्लिक केलं की ॲक्शन फेल, आणि टॉमकॅटच्या लॉगमध्ये मेथड सापडली नाही किंवा क्लास सापडला नाही अशी एरर. याहून वाईट म्हणजे उलटं होणं, ॲड-ऑन मजेत चालतं आणि अल्फ्रेस्कोचं मजकूर काढणं गुपचूप बंद पडतं, सर्चमध्ये नवीन पीडीएफ येईनाशा होतात आणि बरेच दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून इन्स्टॉल झाल्यावर लिब फोल्डर उघडून पीडीएफबॉक्स आणि फॉन्टबॉक्सच्या किती जार आहेत ते मोजा. एकेकच हव्यात. दोन असतील तर अल्फ्रेस्कोची ठेवा आणि ॲड-ऑन तिच्यावर पुन्हा बांधून घ्या, उलटं करू नका.

आयटेक्स्टचं प्रकरण लायसन्सचं आहे. आयटेक्स्टच्या जुन्या आवृत्त्या, ४ पर्यंतच्या, एमपीएल आणि एलजीपीएल या मोकळ्या लायसन्सखाली होत्या. २००९ च्या शेवटी आयटेक्स्ट ५ आलं तेव्हापासून ते एजीपीएल किंवा पैसे देऊन कमर्शियल असं आहे. एजीपीएलचा अर्थ असा की बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स उपलब्ध करून द्यावा लागतो. तुम्ही ॲड-ऑन आहे तसं ऑफिसच्या आत वापरत असाल तर प्रश्न छोटा आहे, पण तुमच्या कंपनीचा बंद कोड त्यात मिसळून ग्राहकांना देणार असाल तर आधी लायसन्स समजणाऱ्या माणसाशी बोला. तुमच्या एएमपीत कुठली आवृत्ती आहे हे ओळखायला जार उघडून पॅकेजचं नाव बघा, त्यात लोवॅजी असेल तर जुनी किंवा त्याच जुन्या कोडवरून पुढे निघालेली ओपनपीडीएफ, आयटेक्स्टपीडीएफ असेल तर ५ किंवा त्यानंतरचं. स्वतः फोर्क सांभाळणार असाल तर ओपनपीडीएफकडे जाणं हा शहाणपणाचा रस्ता आहे, ते अजून एलजीपीएल आणि एमपीएलखाली मिळतं.

आता येऊ खऱ्या विषयाकडे, तुकड्याचं पुढे काय होतं.

समजा एका फोल्डरमध्ये दोनशे पानांचा करार आहे, त्याला तुमचा स्वतःचा कंटेंट टाइप लावलाय, पक्षकाराचं नाव, करार क्रमांक, मुदत असं सगळं भरलंय, आणि परवानगी फक्त लीगलच्या ग्रुपला आहे. तुम्ही त्यातली पानं ४० ते ५२ वेगळी काढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली. तिथे जी नवीन फाइल तयार होते तिला तो टाइप, तो मेटाडेटा आपोआप येईल असं धरून चालू नका, आणि परवानग्या तर ज्या फोल्डरमध्ये ती पडली त्या फोल्डरच्या लागतात. तो फोल्डर सगळ्यांना वाचायला खुला असेल तर गोपनीय करारातली तेरा पानं सगळ्यांना खुली झाली, आणि कुणीही मुद्दाम काही चुकीचं केलेलं नाही. जोडताना हेच उलट्या दिशेने होतं, एक गोपनीय आणि एक साधी फाइल जोडली की जोडलेली फाइल गोपनीय मानायला हवी, पण सिस्टिमला ते कळत नाही. म्हणून माझा नियम असा की आउटपुट नेहमी ठराविक फोल्डरमध्येच जाईल, त्या फोल्डरच्या परवानग्या मूळ फोल्डरपेक्षा कधीही सैल नसतील, आणि तिथे एक रूल असेल जो टाइप लावतो आणि मूळ डॉक्युमेंटचा संदर्भ भरतो. मूळ कुठून आलं हे साठवायला एक छोटा ॲस्पेक्ट, म्हणजे डॉक्युमेंटला जोडता येणारा जादा माहितीचा गट, बनवा, त्यात मूळ नोडची (अल्फ्रेस्कोतल्या फाइलच्या नोंदीची) लिंक आणि पानांची रेंज. थोडंसं कॉन्फिगरेशन आहे, पण दोन वर्षांनी ऑडिटवाला विचारतो की हा तुकडा कुठल्या करारातला, तेव्हा हेच कामाला येतं.

दुसरा मुद्दा व्हर्जनचा. ॲक्शन त्याच फाइलवर बदल करायची की नवीन फाइल बनवायची, असा पर्याय तुमच्या आवृत्तीत असेल तर पान काढणं आणि फिरवणं लोक त्याच फाइलवर करतात. तसं करायचं तर ती फाइल व्हर्जनेबल आहे ना, म्हणजे तिच्या जुन्या आवृत्त्या साठतात ना, ते आधी बघा. शेअरमधून अपलोड केलेल्या फाइलला व्हर्जनिंग लागतं, पण शेअर्ड ड्राइव्हने किंवा बल्क इम्पोर्टने आलेल्या फाइलला लागलंच असेल असं नाही, आणि स्कॅनर बहुतेक वेळा त्याच वाटेने फाइल टाकतो. व्हर्जनिंग नसेल तर काढलेलं पान गेलं, परत आणायला बॅकअपच शोधावा लागेल. शक्यतो इन्कमिंग स्कॅनच्या फोल्डरवर व्हर्जनेबल ॲस्पेक्ट लावणारा रूल सगळ्यात आधी ठेवा आणि मग बाकीचं.

आणि व्हर्जनिंग चालू असेल तर त्याची दुसरी बाजू समजून घ्या: पान काढलं म्हणजे ते नाहीसं झालं असं नाही. जुन्या व्हर्जनमध्ये ते जसंच्या तसं आहे आणि जो व्हर्जन हिस्टरी बघू शकतो तो ते डाउनलोड करू शकतो. एखाद्याने बाहेरच्या पार्टीला दाखवायला संवेदनशील पान काढलं आणि त्याच फाइलची परवानगी दिली, तर झालं. बाहेर द्यायची फाइल नेहमी नवीन नोड म्हणून बनवा, जिला जुनं व्हर्जनच नाही. अल्फ्रेस्को डिस्कवरची जुनी बायनरी (प्रत्यक्ष फाइल) कधी ओव्हरराइट करत नाही, प्रत्येक बदलाला नवी फाइल लिहितं. कुठल्याच नोडला किंवा व्हर्जनला जोडलेली न राहिलेली बायनरीसुद्धा डीफॉल्टने १४ दिवस थांबते आणि मग डिलीटेड स्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये जाते, तो फोल्डर आपोआप रिकामा होत नाही. डिस्कचा हिशोब करताना हे धरा, ५० एमबीच्या स्कॅनवर एकदा फिरवणं, एकदा पान काढणं आणि एकदा वॉटरमार्क केलं की एकाच डॉक्युमेंटच्या चार बायनरी झाल्या.

पीडीएफच्या आत काय होतं याबद्दलही बरेच गैरसमज असतात. लोकांना वाटतं कापल्या-जोडल्याने स्कॅनची क्वालिटी घसरते. नाही घसरत. लायब्ररी इमेज उघडून पुन्हा कॉम्प्रेस करत नाही, तो डेटा जसाच्या तसा उचलून नव्या फाइलमध्ये ठेवते. ज्या वेबसाइटवर क्वालिटी घसरलेली दिसते तिथे जोडीला कॉम्प्रेशन केलेलं असतं. पण साइजचा हिशोब मात्र चुकतो: १०० एमबीची फाइल दहा भागांत कापली की प्रत्येक भाग १० एमबीचा होईल असं नाही. पानं एकच फॉन्ट, एकच लोगो, एकच रिसोर्सची यादी वाटून घेत असतात, तुकडा करताना ते सामाईक सामान प्रत्येक तुकड्याबरोबर जातं. शुद्ध स्कॅन असेल तर फरक फार नाही, पण रिपोर्टिंग सॉफ्टवेअरने बनवलेल्या पीडीएफमध्ये तुकड्यांची बेरीज मूळ फाइलच्या कितीतरी पट झालेली दिसते. जोडताना हेच, पन्नास इन्व्हॉइस जोडले तर एकच फॉन्ट पन्नास वेळा आत येऊन बसतो.

कापल्यावर आतल्या लिंक तुटतात, कारण त्या ज्या पानावर जात होत्या ते पान आता या फाइलमध्ये नाही. बुकमार्कचंही तेच. भरता येणारे फॉर्म जोडताना जास्त काळजी घ्या: एकाच टेम्प्लेटचे दोन फॉर्म जोडले की दोन्हीकडे फील्डची नावं सारखी येतात, आणि पीडीएफमध्ये एकाच नावाची फील्ड म्हणजे एकच किंमत, त्यामुळे एका अर्जदाराचं नाव दुसऱ्याच्या पानावर दिसू शकतं. काही लायब्ररी नाव बदलून हा घोळ टाळतात, पण फॉर्म आधी फ्लॅटन करून (भरलेला मजकूर पानावर पक्का करून) मग जोडणं हाच भरवशाचा मार्ग.

पान नंबरबद्दल एक छोटी पण रोजची गोष्ट. ॲड-ऑनला कळतं ते फाइलमधलं कितवं पान, कागदावर छापलेला नंबर नाही. सुरुवातीला कव्हर आणि अनुक्रमणिकेची चार पानं असतील तर छापलेलं पान १२ हे फाइलमधलं १६ वं. फॉर्मच्या लेबलवर हे स्पष्ट लिहून टाका, शेअरच्या कॉन्फिगमध्ये लेबल बदलता येतं, निम्म्या तक्रारी कमी होतील. फिरवणं हे सगळ्यात हलकं काम, पानाच्या नोंदीत फक्त ९० च्या पटीतला एक आकडा बदलतो, आतलं चित्र तसंच राहतं. पण याचा परिणाम वॉटरमार्कवर होतो, अशा फिरवलेल्या पानावर वॉटरमार्क मारला तर काही वेळा तो आडवा येतो, कारण मूळ पान अजून जुन्याच दिशेला आहे. मिश्र दिशेची पानं असलेल्या फाइलवर आधी ट्राय करून बघाच.

वॉटरमार्क मजकुराचा किंवा चित्राचा करता येतो, मजकुराच्या वर किंवा खाली, सगळ्या पानांवर किंवा पहिल्या, शेवटच्या, सम-विषम पानांवर. स्कॅन केलेल्या पीडीएफवर खाली ठेवला तर दिसणारच नाही, कारण स्कॅनचं चित्र पूर्ण पान झाकतं, तिथे वरच ठेवा आणि फिकट ठेवा. देवनागरी वॉटरमार्क हवा असेल तर मजकुराच्या पर्यायाच्या नादी लागू नका. पीडीएफच्या ठरलेल्या १४ फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच, आणि फॉन्ट बाहेरून दिला तरी जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार योग्य जागी बसवण्याचं काम जुन्या लायब्ररी करत नाहीत, "अधिकृत प्रत" लिहिलं की इकार चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षर फुटलेलं दिसतं. पारदर्शक पीएनजी बनवा आणि चित्र म्हणून लावा, प्रश्न मिटतो. आणि वॉटरमार्क ही सूचना आहे, संरक्षण नाही, पीडीएफ एडिट करता येणारा माणूस तो काढू शकतो. त्याच जातीची आणखी एक धोकादायक समजूत म्हणजे नावावर काळा चौकोन टाकला की नाव लपलं. खालचा मजकूर तसाच असतो, सिलेक्ट करून कॉपी होतो. झाकायचं असेल तर मजकूर खरोखर काढणारं रिडॅक्शन टूल वापरा, हे ॲड-ऑन त्या कामाचं नाही.

एन्क्रिप्शनमध्ये दोन पासवर्ड असतात, एक उघडायचा युजर पासवर्ड आणि दुसरा मालकाचा, ओनर पासवर्ड. फक्त मालकाचा पासवर्ड लावून प्रिंट बंद, कॉपी बंद असं केलं तर ती बंदी पाळायची की नाही हे पीडीएफ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मनावर आहे, फाइल वाचता येतेय म्हणजे डिक्रिप्टही होतेय. खरी कुलूपबंद फाइल हवी तर युजर पासवर्ड लावा आणि एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत निवडा, जुनी आरसी४ ४० बिट किंवा १२८ बिट आज लावू नका. पण मग त्याची किंमतही मोजा: उघडायचा पासवर्ड लावलेली फाइल अल्फ्रेस्कोला वाचता येत नाही, त्यामुळे आतला मजकूर सर्चमध्ये येत नाही, प्रिव्ह्यू आणि थंबनेल बनत नाही. पासवर्ड हरवला तर ती फाइल कायमची गेली. पीडीएफ/ए या दीर्घकाळ जपणुकीच्या फॉरमॅटमध्ये तर एन्क्रिप्शन चालतच नाही. म्हणून रेपॉझिटरीत असलेली मूळ प्रत कधीही एन्क्रिप्ट करू नका, तिथे अल्फ्रेस्कोच्या परवानग्या आहेतच. बाहेर पाठवायची कॉपी वेगळी बनवा, ती एन्क्रिप्ट करा. अजून एक, आणि हे महत्त्वाचं: फोल्डर रूलमध्ये पासवर्ड टाकला तर तो त्या रूलचा पॅरामीटर म्हणून साध्या मजकुरात साठवला जातो, डेटाबेस बघू शकणारा किंवा रूल एडिट करू शकणारा माणूस तो वाचू शकतो.

हीच अडचण सहीच्या बाबतीत दहापट गंभीर होते. टूलकिटची सही करायची पद्धत अशी की खासगी किल्लीची फाइल रेपॉझिटरीत ठेवायची आणि ॲक्शन चालवताना तिचा पासवर्ड द्यायचा. म्हणजे ज्याला तो नोड वाचता येतो त्याच्या हातात किल्लीची फाइल, आणि रूल केला तर पासवर्डही शेजारीच पडलेला. याला मी फक्त संस्थेचा शिक्का म्हणून वापरायला तयार आहे, एखाद्या माणसाची कायदेशीर सही म्हणून नाही. व्यक्तीची सही तिच्या स्वतःच्या टोकनवरूनच (जिच्यात खासगी किल्ली असते त्या उपकरणावरूनच) व्हायला हवी.

सहीचा क्रम सगळ्यात शेवटी, हे पाळाच. सही फाइलमधल्या ठराविक बाइट्सच्या रेंजवर केलेली असते. सहीनंतर कापलं, जोडलं, फिरवलं, वॉटरमार्क मारला की लायब्ररी फाइल नव्याने लिहिते आणि ते बाइट्स बदलतात, सही अवैध होते किंवा पूर्ण नाहीशी होते. जोडा, फिरवा, वॉटरमार्क लावा, एन्क्रिप्ट करायचं तर करा, आणि मग सही. दोन सह्या केलेल्या पीडीएफ जोडून एक सही असलेली पीडीएफ बनत नाही, असं कुणी मागितलं तर दोन्ही फाइल तशाच ठेवून त्यांना अटॅचमेंट म्हणून एका कव्हर पीडीएफमध्ये घाला. आणि इन्कमिंग फोल्डरवर सरसकट वॉटरमार्कचा रूल लावायच्या आधी विचार करा की त्यात बाहेरून सही होऊन आलेली डॉक्युमेंट येतात का. येत असतील तर तुमचा रूल येणारी प्रत्येक सही मोडतोय, आणि हे सहसा वाद उभा राहिल्यावरच कळतं.

रूल लिहिताना दोन सापळे. पहिला, तुकडे त्याच फोल्डरमध्ये टाकणारा रूल, जो नवीन फाइल आली की चालतो. तुकडा हीसुद्धा नवीन फाइलच. आउटपुट नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तो सबफोल्डर असेल तर रूलमधला सबफोल्डरला लागू करा हा पर्याय बंद. दुसरा, अपडेटवर चालणारा वॉटरमार्क रूल, कुणीही नवीन व्हर्जन टाकलं की वॉटरमार्कवर वॉटरमार्क. काम झालं की एक ॲस्पेक्ट लावा आणि रूलच्या अटीत तो ॲस्पेक्ट नसेल तरच चालव असं सांगा. मोठ्या फाइलसाठी रूल बॅकग्राउंडमध्ये चालवा, नाहीतर अपलोड करणारा माणूस तुकडे होईपर्यंत ताटकळत बसतो आणि प्रॉक्सीचा टाइमआउट झाला की त्याला अपलोड फेल झालं असं वाटून तो तीच फाइल पुन्हा टाकतो. मात्र बॅकग्राउंडमध्ये एरर आली तर ती युजरला दिसत नाही, त्यामुळे रूलमध्ये एरर झाल्यावर चालवायची स्क्रिप्ट द्यायची सोय आहे ती वापरा आणि ॲडमिनला मेल जाऊ द्या.

मेमरीचं म्हणाल तर हे सगळं अल्फ्रेस्कोच्याच जावा प्रोसेसमध्ये चालतं, वेगळ्या सर्व्हरवर नाही. पाच जणांनी एकदम ४०० एमबीच्या फाइल कापायला घेतल्या तर हीप, म्हणजे जावाला दिलेली मेमरी, भरतो आणि पूर्ण रेपॉझिटरी आडवी होते, नुसतं ॲड-ऑन नाही. पीडीएफबॉक्स २.० मध्ये मेमरीऐवजी टेम्प फाइल वापरायला सांगता येतं, तुमचा फोर्क ते वापरतो का हे कोडमध्ये बघा. नसेल तर एका ठराविक साइजच्या वर मेनूच दिसू नये अशी अट घाला.

म्हणूनच खूप मोठ्या व्हॉल्यूमला मी हे काम बाहेर नेतो, म्हणजे रेपॉझिटरीत फाइल यायच्या आधीच. स्कॅनर आणि अल्फ्रेस्को यांच्या मधे एक साधी पाइपलाइन: क्यूपीडीएफने फाइल तपासायची, ओसीआरमायपीडीएफने सरळ करून मजकुराचा थर चढवायचा, तिथेच कापायचं आणि मग मेटाडेटासकट अपलोड. टूलकिट ओसीआर, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखणं, करत नाही हे लक्षात असू द्या, मजकुराचा थर नसलेल्या स्कॅनचे कितीही नेटके तुकडे केले तरी सर्चमध्ये नावाशिवाय काही सापडणार नाही. ओसीआरमायपीडीएफ आतून टेसरॅक्ट हे ओसीआर इंजिन वापरतं, त्यात मराठीही आहे, आणि डीफॉल्टने पीडीएफ/ए बाहेर देतं. बिघडलेल्या फाइलही क्यूपीडीएफमधून एकदा नव्याने लिहून काढल्या की बऱ्याचदा टूलकिटमध्ये निमूट उघडतात. माणसाच्या नजरेने ठरवायची छोटी कामं, हे पान उलटं आहे, ही दोन कोरी पानं काढ, एवढा भाग वेगळा दे, ती टूलकिटकडे. ठराविक साच्यातली हजारोंची कामं पाइपलाइनकडे.

सुरुवात करताना मेनूत सगळ्या ॲक्शन्स एकदम उघडू नका. कापणं, जोडणं, फिरवणं आधी द्या. पान काढणं व्हर्जनिंगची खात्री झाल्यावर. वॉटरमार्क फक्त रूलमधून. एन्क्रिप्शन आणि सही ठराविक ग्रुपलाच, शेअरच्या कॉन्फिगमध्ये ग्रुपनुसार ॲक्शन दाखवायची अट घालता येते, पण ती फक्त मेनू लपवते, खरी अडवणूक रेपॉझिटरीतल्या परवानग्यांनीच होते.

आणि टाकायच्या आधीच काढायचा रस्ता ठरवून ठेवा. वॉरची आणि डेटाबेसची कॉपी, दोन्ही. टूलकिटच्या कंटेंट मॉडेलमध्ये स्वतःचे ॲस्पेक्ट असतील आणि ते हजारो डॉक्युमेंटना लागले असतील, तर नंतर नुसती एएमपी काढून सर्व्हर चालू केला की अल्फ्रेस्कोला त्या ॲस्पेक्टची व्याख्याच सापडत नाही आणि ती डॉक्युमेंट उघडताना एरर येते. काढायची वेळ आलीच तर आधी स्क्रिप्टने ते ॲस्पेक्ट उतरवा, ज्या रूलमध्ये या ॲक्शन्स आहेत ते रूल डिलीट करा, आणि मग मॉड्यूल काढा. पुढचं मोठं अपग्रेड करतानाही हाच क्रम, नव्या आवृत्तीसाठी फोर्क तयार नसेल तर आधी उतरवा, अपग्रेड करा, तयार झाला की परत चढवा.